पद्मिनीचा बदललेला स्टेअरिंग बॉक्स: सरळ जाताना प्ले, उजवीकडे जड, डावीकडे पूर्ण कापत नाही

माशेल_पद्मिनी

नमस्कार मंडळी. गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८६ ची, स्टेअरिंगवरच्या गिअरची. बाबांनी नवी घेतली तेव्हापासून माशेलला आमच्याच अंगणात आहे. बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. गाडी चालवत नाहीत, पण दर रविवारी शेजारच्या सीटवर बसून गाडीचा आवाज ऐकतात आणि काय बिघडलंय ते मला सांगतात. चवथीला चित्रशाळेतून गणपती याच गाडीतून आणायचा, हा आमच्या घरचा नेम आहे. पाच वर्षांचं री-रजिस्ट्रेशनही तोंडावर आलंय, तिथे इन्स्पेक्टर स्टेअरिंग हलवून बघणारच. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

जुना बॉक्स पार गेला होता. खालच्या सीलमधून ऑइल गळायचं आणि स्टेअरिंगला तीन बोटं प्ले होता, म्हणजे चाकं न हलता स्टेअरिंग तेवढं नुसतंच फिरायचं. दोन वेळा स्क्रू आवळून झाला, तिसऱ्यांदा आवळायला जागाच उरली नाही. मे महिन्यात बेळगावहून एक रिकंडिशन केलेला बॉक्स आणला. विकणाऱ्याने आतले बेअरिंग, बुश, सील सगळं नवं घातलंय असं सांगितलं आणि हाताने फिरवला तेव्हा बॉक्स गुळगुळीत फिरत होता. इथल्याच एका मेस्त्रीने तो बसवला. माणूस मेहनती आहे, पण पद्मिनीचं काम त्याच्याकडे फारसं येत नाही.

बसवून गाडी बाहेर काढली तर चाकं सरळ असताना स्टेअरिंग जवळजवळ उलटं! वरचा भाग डावीकडून खाली गेलेला. मेस्त्री म्हणाला, यात काही नाही. हॉर्नचं बटण काढलं, मधला नट सोडला, स्टेअरिंग उपटून सरळ करून परत बसवलं. दिसायला सगळं ठीक झालं. मी पैसे देऊन गाडी घरी आणली.

त्यानंतर हे सुरू झालं:

सरळ रस्त्यावर स्टेअरिंगला दोन बोटं प्ले. नव्या बॉक्सला एवढा प्ले? बाणस्तारीच्या पुलावर वारा असला की गाडी तरंगल्यासारखी वाटते, सारखं इकडेतिकडे सावरत बसावं लागतं.

उजवीकडे वळवायला घेतलं की अर्ध्या फेऱ्याच्या आत एका जागी घट्ट लागतं. ती जागा ओलांडली की परत हलकं.

डावीकडे कुठे जड नाही, पण पूर्ण कापलं तरी गाडी हवी तेवढी वळत नाही. आमच्या फाटकातून आत यायला डावं वळण आहे. चाळीस वर्षं बाबा एका झटक्यात गाडी आत घ्यायचे. आता मला एकदा मागे घ्यावी लागते.

प्लेची तक्रार केली तर मेस्त्रीने बॉक्सच्या वरचा स्क्रू दीड आटा आवळला. प्ले कमी झाला, पण आता ती उजवीकडची जागा इतकी घट्ट झालीय की वळण झाल्यावर स्टेअरिंग आपणहून परत येतच नाही, हाताने ओढून आणावं लागतं. काल फर्मागुडीच्या उतारावर उजव्या वळणात हे झालं आणि माझे हात थंड पडले. बाबा शेजारीच होते. ते एवढंच म्हणाले, "हा बॉक्स मध्यावर नाही."

बाबांचं म्हणणं बरोबर आहे का? असेल तर मध्य शोधायचा कसा? बॉक्स परत करू, की बसवण्यातच चूक आहे? गाडी सध्या उभीच आहे.

पर्वरीचा_पंकज

आधी व्हील अलाइनमेंट करून घ्या. माझ्या गाडीचं स्टेअरिंग असंच वाकडं झालं होतं, कॉम्प्युटरवर चढवल्यावर अर्ध्या तासात सरळ झालं. बॉक्स काढायची घाई करू नका.

डिचोलीचे_नाना

पंकज, तुझी गाडी रॅकची असणार, म्हणजे असा बॉक्स नसलेली, दातेरी दांड्यावर चालणारी. तिथे तुझं म्हणणं चालतं. इथे अलाइनमेंटवाल्याकडे आत्ता गेलं तर तो टाय रॉड (चाकांना वळवणारे दांडे) फिरवून फिरवून स्टेअरिंग सरळ करून देईल आणि खरी चूक आणखी खोल गाडली जाईल.

माशेलकर, वयाने मोठा आहे म्हणून तू म्हणतो. डिचोलीत माझं गॅरेज होतं, खाणींवरच्या ट्रकांचे बॉक्स आयुष्यभर उघडले, मधूनमधून फियाटीही आल्या. तुझे बाबा बरोबर सांगतायत. तू लिहिलेली तिन्ही लक्षणं एकाच दुखण्याची आहेत.

आधी बॉक्सच्या आत काय आहे ते समजून घे, म्हणजे पुढचं आपोआप कळेल. स्टेअरिंगच्या दांड्याच्या टोकाला वर्म आहे, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला गिअर, त्यात अडकून फिरतो तो सेक्टर शाफ्ट, आणि शाफ्टच्या खालच्या टोकाला दात पाडलेत, त्यावर ड्रॉप आर्म चढतो, म्हणजे चाकांचे रॉड ओढणारा हात. वर्म आणि सेक्टर सगळीकडे सारखे घट्ट बसत नाहीत. मुद्दामच तसं बनवलेलं असतं. बरोबर मध्यावर घट्ट, आणि मध्यापासून दोन्ही बाजूंना हळूहळू थोडी मोकळीक. कारण गाडी सगळ्यात जास्त वेळ सरळ चालते, झीज तिथेच होते. ती झीज काढायला स्क्रू आवळला तर कडेला बॉक्स जाम होऊ नये, म्हणून कडेला आधीच जागा ठेवलेली असते.

आता तुझ्या गाडीत बघ. चाकं सरळ आहेत, पण बॉक्स आत मध्यावर नाही, मध्याच्या डावीकडे सरकून बसलाय. म्हणजे तू सरळ चालतोयस ते बॉक्सच्या मोकळ्या भागात. प्ले तिथून येतो. उजवीकडे वळवलंस की थोड्या अंतरावर खरा मध्य लागतो, ती तुझी घट्ट जागा. आणि डावीकडे बॉक्सचा आतला शेवट चाकांच्या स्टॉपरच्या आधी येतो, म्हणून फाटकात गाडी पुरत नाही. मेस्त्रीने स्क्रू आवळला तो मोकळ्या भागात उभा राहून. तिथला प्ले गेला, पण मध्यावर आता सेक्टर वर्मवर दाबून बसतोय. असं चालवलंस तर नवा वर्म महिनाभरात चाटला जाईल, आणि एखाद्या वळणावर स्टेअरिंग अडकलं तर काय होईल ते मी सांगायला नको. गाडी उभी केलीस हे शहाणपणाचं केलंस. आज पहिलं काम म्हणजे तो स्क्रू होता तिथे सोड.

स्टेअरिंग उपटून सरळ करणं हीच मूळ चूक. बॉक्स बसवल्यावर स्टेअरिंग उलटं दिसलं तेव्हा गाडी स्वतःच सांगत होती की आत काहीतरी चुकलंय. ते दिसणं पुसलं, पण दुखणं आत तसंच राहिलं.

आता एक साधा हिशेब कर. स्टेअरिंगच्या खालच्या दातांवर चूक झाली तर एक दात म्हणजे स्टेअरिंगवर दहा-बारा अंश, घड्याळाच्या तासाच्या अर्ध्याहूनही कमी. ड्रॉप आर्मच्या दातावर चूक झाली तर गोष्ट वेगळी. शाफ्टवर ३६ दात असतील तर एक दात १० अंशांचा, ३० असतील तर १२ अंशांचा. अशा बॉक्सचा रेशो साधारण सोळाला एक धर, म्हणजे स्टेअरिंग सोळा अंश फिरलं की आर्म एक अंश फिरतो. म्हणजे ड्रॉप आर्म एका दाताने चुकला की स्टेअरिंगवर १६० ते १९० अंश दिसतात. अर्धा फेरा! तुझं स्टेअरिंग किती फिरलेलं होतं? "जवळजवळ उलटं" असं तूच लिहिलंयस. माझी खात्री आहे की ड्रॉप आर्म एक दात चुकून चढलाय. बॉक्स घेऊन बेळगावला परत जायचं तर आधी हे तपास.

तपासायचं असं. पुढून गाडी उचल, दोन्ही बाजूंना घोड्या (लोखंडी टेकू) लाव, नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नकोस. ड्रॉप आर्मवरचे रॉडचे बॉल जॉइंट सोडव. पुलर वापर. ड्रॉप आर्म मोकळा झाला की आधी पुढचे टायर हाताने डावी-उजवीकडे ओढून बघ. ते सहज फिरले तर जडपणा बॉक्समध्येच आहे. तिथेही जड असतील तर किंग पिनला, म्हणजे पुढचं चाक ज्या पिनेवर वळतं तिला, ग्रीस पोचत नाही, तो वेगळा आजार.

मग स्टेअरिंग अलगद डावीकडे शेवटपर्यंत ने. शेवटाला आपटू नकोस, नुसतं टेकव. रिमला वरती एक चिकटपट्टी लाव आणि उजव्या शेवटापर्यंत फेरे मोज. पाव फेऱ्यापर्यंत नीट मोज. त्याचं अर्धं केलंस की तो बॉक्सचा मध्य. पण एवढ्यावर विश्वास ठेवू नकोस. स्क्रू थोडा आवळून, हाताला जेमतेम लागेल इतकाच, स्टेअरिंग दोन बोटांनी मध्यावरून इकडून तिकडे ने. मोजून आलेल्या मध्यावरच घट्टपणा लागला पाहिजे. दोन्ही एकाच जागी आले तर बॉक्स चांगला आहे. घट्ट जागा मोजलेल्या मध्यापासून लांब असेल तर बॉक्स जोडतानाच चुकलाय, आणि मग तो परत करणंच बरं.

एवढं करून आकडे लिही. पुढचं त्यानंतर सांगतो.

कुर्टीची_जीप

नानांनी लिहिलंय ते मी माझ्या जीपवर भोगलंय, म्हणून एक गोष्ट जोडते. बॉक्स बदलल्यावर स्टेअरिंग वाकडं आलं आणि एका गॅरेजवाल्याने टाय रॉड फिरवून ते सरळ करून दिलं. सहा महिन्यांनी ग्रीस मारताना बघते तर एका टोकाचा एंड इतका बाहेर आलेला की आत जेमतेम पाच आटे उरले होते. अनमोड घाटातून मी ती जीप घेऊन दोनदा आले-गेले होते. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

तर माशेलकर, तुम्ही खाली गेलाच आहात तर दोन्ही बाजूंचे साइड रॉड (तेच टाय रॉड) मोजा. बॉल जॉइंटच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत. दोन्ही जवळजवळ सारखे असायला हवेत. एक आखूड, एक लांब असेल तर तिथेही कोणीतरी हात घातलाय.

आणि बॉक्सचे बोल्ट जिथे बसतात ती पुढची मेंबर (पत्र्याचा आधार) नीट बघा. आपल्याकडे पाऊस आणि खारा वारा, पद्मिनीची ती जागा चिखल धरून आतून कुजते. कोणालातरी वर बसवून स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडे करायला सांगा आणि तुम्ही खालून बॅटरी मारून बघा. बॉक्स पत्र्यासकट हलत असेल तर दात जुळवून काही उपयोग नाही.

माशेल_पद्मिनी

नाना, तुमचं लिहिलेलं मी कागदावर उतरवून घेतलं आणि रविवारी सकाळी सातला सुरुवात केली. बाबा खुर्ची टाकून अंगणात बसले होते. पाऊस थांबला होता, तरी खाली पुठ्ठा आणि त्यावर ताडपत्री घालावी लागली.

पहिल्यांदा स्क्रू दीड आटा मागे घेतला. मग घोड्या लावल्या. बॉल जॉइंटचा पुलर माझ्याकडे नव्हता, बाणस्तारीच्या एका ओळखीच्या गॅरेजातून आणला. मधला रॉड लगेच सुटला. साइड रॉडला तासभर लागला, रात्रीपासून गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं होतं तरी. सुटला तेव्हा बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला, बाबा खुर्चीतून उठले.

टायर हाताने फिरवले: उजवा अगदी सहज, डावा थोडा जड. तो किंग पिनचाच प्रश्न दिसतो, पण तेवढ्याने एवढं जड होणार नाही.

आता फेरे. चाकं सरळ होती ती जागा मी रॉड सोडवण्याआधी रिमवर आणि डॅशबोर्डवर खुणेने धरून ठेवली होती. शेवटापासून शेवटापर्यंत साडेतीन फेरे, तीनदा मोजले, तीनदा तेच. चाकं सरळ असतानाच्या जागेपासून डावीकडे सव्वा फेऱ्याहून थोडं जास्त. उजवीकडे सव्वादोनला थोडं कमी. दोन्ही बाजू पावणेदोन यायला हव्या होत्या. फरक जवळजवळ एका फेऱ्याचा, त्याचं अर्धं म्हणजे अर्ध्या फेऱ्याला जरासं कमी. नाना, तुमच्या हिशेबातला एक दात!

आणि मोजलेल्या मध्यावर स्टेअरिंग नेलं तर बरोबर तिथेच, हाताच्या पंजाएवढ्या पट्ट्यात, घट्टपणा. पुढे-मागे मोकळं. बाबांना गाडीत बसवून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून दोन बोटांनी फिरवलं आणि म्हणाले, "हां, इथं."

म्हणजे बॉक्स चांगला आहे. आता ड्रॉप आर्म काढायचा. शाफ्टचं खालचं टोक रॉकेलने पुसलं तर ग्रीसच्या थराखाली एक टिंब दिसलं, सेंटर पंच मारल्यासारखं. आर्मवरही एक बारीक रेघ आहे. दोन्ही एकमेकांसमोर नाहीत, बाजूला आहेत. त्यावर विश्वास ठेवू का?

साइड रॉड: उजवा आणि डावा यांत सुमारे अर्ध्या इंचाचा फरक. मेंबर ठीक आहे, एका बोल्टखाली वॉशर नव्हता, तो घातला.

डिचोलीचे_नाना

शाबास. मोजणं अगदी मनासारखं केलंस.

टिंबाबद्दल: आर्म तुझ्या गाडीचा जुना, शाफ्ट दुसऱ्या कुठल्यातरी बॉक्सातला. म्हणून खूण ही साक्षीदार धर, न्यायाधीश धरू नकोस. मध्य तू मोजून काढलायस, काम त्याच्यावरच कर. मोजून जुळवल्यावर टिंब आणि रेघ समोरासमोर आली तर दोघांनी एकच साक्ष दिली म्हणून निश्चिंत राहा.

आता महत्त्वाचं. ड्रॉप आर्म हातोड्याने काढू नकोस. पुष्कळ लोक नट सोडून खालून किंवा बाजूने ठोकतात. तो घाव शाफ्टमधून थेट वर्मवर जातो आणि वर्मच्या घट्ट भागावर खळगा पडतो. पुढे आयुष्यभर मध्यावर कट्-कट् लागतं आणि कोणाला कारण कळत नाही. दोन पायांचा मजबूत पुलर घे. नट पूर्ण काढू नकोस, टोकावर दोन आटे ठेव, म्हणजे आर्म सुटला तरी पायावर पडणार नाही. पुलर ताणून ठेव आणि वाट बघ, हवं तर आर्मच्या डोळ्याभोवती थोडी ऊब दे. पण बॉक्सच्या सीलपाशी ज्योत नेऊ नकोस.

आर्म निघाला की: बॉक्स मोजलेल्या मध्यावर, तिथे चिकटपट्टीने धरून ठेव. दोन्ही टायर सरळ. समोरचा आयडलर आर्म, म्हणजे ड्रॉप आर्मचा पलीकडच्या बाजूचा जोडीदार, बघ आणि ड्रॉप आर्म त्याच्याशी समांतर येईल त्या दातावर चढव. दोन दातांच्या मध्ये समांतर येतोय असं वाटलं तर साइड रॉड चुकलेत, आर्म नाही. नट पूर्ण आवळ, लॉक वॉशर नवा घाल.

स्क्रू बॉक्स मध्यावर असतानाच लावायचा, रॉड जोडण्याआधी. थोडा थोडा आवळ, मध्यावर जेमतेम ओढ लागली की थांब, चेकनट आवळताना स्क्रू पाना लावून धर, नाहीतर तो सोबत फिरतो. मग शेवटापासून शेवटापर्यंत एकदा फिरव, कुठेही अडकता कामा नये.

स्टेअरिंग आता परत उपटावं लागेल, कारण मेस्त्रीने ते फिरवून ठेवलंय. मध्यावर सरळ बसव. एखाद-दोन अंश राहिले तर ते साइड रॉडने काढायचे: एक जितका आत तितकाच दुसरा बाहेर, म्हणजे टो (पुढच्या चाकांचा आत-बाहेरचा कल) बदलत नाही. तुझ्याकडे अर्धा इंच फरक आहेच, आधी दोन्ही सारखे कर, मग बघ.

आणि बॉक्सच्या वरचा प्लग उघडून आत काय घातलंय ते बघ. पुष्कळ ठिकाणी ग्रीस कोंबतात. ग्रीस वर्म एकदा बाजूला सारतो, ते परत येत नाही, मग वर्म कोरडा चालतो. इथे नव्वद नंबर गिअर ऑइलच हवं.

कुर्टीची_जीप

दोन्ही रॉड सारखे केल्यावर अलाइनमेंटला नेण्याआधी घरीच टो साधारण बघून घ्या. टायर उचलून फिरवत खडूने मधोमध पट्टा काढा, त्यावर खिळ्याने एक बारीक रेघ ओढा, गाडी खाली उतरवून दोन पावलं पुढे ढकला आणि दोन्ही टायरांच्या रेघांमधलं अंतर पुढून व मागून सारख्याच उंचीवर मोजा. पुढचं मागच्यापेक्षा किंचित कमी यायला हवं. नेमका आकडा मॅन्युअलमधला घ्या. निदान अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत गाडी टायर घासत जाणार नाही. कॉटर पिना मात्र जुन्या परत वापरू नका.

माशेल_पद्मिनी

झालं! सांगतो सगळं.

ड्रॉप आर्मने एक अख्खी संध्याकाळ खाल्ली. पुलर ताणून ठेवला, चहा पिऊन आलो, अजून पाव फेरा ताणला, परत वाट बघितली. दिवेलागणीला आत गेलो होतो तेव्हा अंगणातून टक् आवाज आला. आपणहून सुटला होता. नाना, ते दोन आटे ठेवले नसते तर आर्म ताडपत्रीवर पडला असता.

दुसऱ्या दिवशी बॉक्स मध्यावर धरला, टायर सरळ केले, आर्म आयडलरशी समांतर लावला. एकच दात सरकला. आणि टिंब रेघेच्या बरोबर समोर! मी खाली झोपूनच बाबांना ओरडून सांगितलं. मेस्त्रीने ती खूण बघितलीच नव्हती, ग्रीस होतं. चाकं सरळ ठेवून ज्या दातावर आर्म सहज चढला तिथे त्याने चढवला असणार.

वरच्या प्लगमधून बघितलं तर ग्रीस नव्हतं, ऑइलच होतं, पण अर्ध्याहून कमी. पिचकारीने थोडं ओढून पांढऱ्या फडक्यावर टाकलं. करडी छटा आहे, चकचकीत कण नाहीत. म्हणजे दीड आटा आवळून चाललेल्या त्या आठवड्याने फार नुकसान केलेलं नाही असं मी धरतो. नव्वद नंबर भरून प्लगपर्यंत आणलं.

स्क्रू मध्यावर लावला. मेस्त्रीने आवळला होता त्याच्या पाऊण आटा आधीच ओढ लागली. एवढं जास्त दाबलेलं होतं ते! स्टेअरिंग काढून सरळ बसवलं. साइड रॉड सारखे केले. डाव्या किंग पिनचा ग्रीस निपल बुजलेला होता, बदलला, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारला. आता दोन्ही टायर हाताला सारखे लागतात. खडूची रेघ काढून टो जवळपास आणला, मग म्हापशाला अलाइनमेंट करून घेतलं. तिथे त्यांनी प्रत्येक रॉडला जेमतेम अर्धा आटा फिरवला.

आता डावीकडे पावणेदोनला जरा कमी, उजवीकडेही तेवढेच. म्हणजे चाकांचा स्टॉपर दोन्हीकडे आधी लागतो, बॉक्सचा शेवट लागतच नाही.

पहाटे साडेपाचला रायबंदरच्या बांधावर नेली. तीन किलोमीटरचा तो रस्ता, एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं, त्या वेळी वाहन नव्हतं. पोर्तुगीजांनी १६३४ साली पुरा केलेला बांध आहे तो, बाबांनी लहानपणी मला सायकल शिकवली ती तिथे जवळच. जाताना आणि येताना दोन्हीकडून बघितलं, कारण रस्त्याचा उतार डावीकडे असला की सरळ गाडीही डावीकडे ओढते आणि आपण उगाच बॉक्सला दोष देतो. दोन्हीकडून स्टेअरिंग सरळ. चाळीसवर हात हलका ठेवला, पन्नासवर ठेवला. रिमवर एक बोट प्ले, तोही जेमतेम. वळणातून सोडलं की स्टेअरिंग तळहाताखालून आपणहून घसरत परत येतं. गेली कित्येक वर्षं ही गाडी अशी चाललेली मला आठवत नाही.

घरी आल्यावर फाटकातून एका झटक्यात आत. बाबा ओट्यावर उभे होते.

बॉक्स विकणाऱ्याबद्दल माझ्या मनात आलं होतं ते मागे घेतो, त्याचा माल चोख होता. मेस्त्रीकडेही जाऊन आलो. त्याला टिंब आणि रेघ दाखवली, फेरे मोजायची रीत सांगितली. त्याने वहीत लिहून घेतलं.

नाना, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही. डिचोलीला येईन तेव्हा गाडी घेऊनच येतो, तुम्ही एकदा स्टेअरिंगवर बसा. आणि कुर्टीच्या ताई, वॉशरबद्दल आणि रॉडच्या अर्ध्या इंचाबद्दल मनापासून आभार.

डिचोलीचे_नाना

ये, जरूर ये. पण त्याआधी दोनशे किलोमीटर झाले की ड्रॉप आर्मचा नट आणि बॉक्सचे बोल्ट परत एकदा पान्याने बघ. आर्म नव्या दातावर बसतो तेव्हा थोडा वर सरकतो आणि नट किंचित सैल होतो. स्क्रूला मात्र हात लावू नकोस.

माशेल_पद्मिनी

आज बघितले. बॉक्सचे बोल्ट होते तसेच. ड्रॉप आर्मचा नट पाव फेरा आत गेला, लॉक वॉशरचा कान परत वाकवून घेतला.